विखुरलेल्या मंडळींची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव ज्योतिर्लिंगाच्या जुन्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे नाव आता जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक झाले आहे, कारण याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. हे सारे वाचताना असे वाटते की एवढे मोठे काम सरकार आणि मोठ्या संस्था यांच्यापासूनच सुरू झाले असेल. प्रत्यक्षात त्याची सुरुवात एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या, चारदोन माणसांच्या गटांतून झाली. आज आपण त्या गटांचा इतिहास पाहू.

आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत १९१५ मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. परंतु नंतरची कित्येक दशके हा विषय आडबाजूला पडला होता. बहुतेक हुशार विद्यार्थी अणू आणि अणुकेंद्राकडे वळत. आपल्या देशात तो विषय जिवंत ठेवला तो मोजक्या माणसांनी. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते. त्यांच्याभोवती एक लहानसा अभ्यासगट जमला. १९४२ मध्ये प्र. चु. वैद्य हे गुजराती तरुण आपल्या शिलकीच्या पैशांवर बायको आणि तान्ह्या मुलीसह बनारसला येऊन राहिले. त्या वास्तव्यातून प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे उत्तर निघाले. १९४३ साली प्रसिद्ध झालेले हे उत्तर आज 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते. वैद्यांनी पुढे गुजरातीत शाळामास्तरांसाठी 'सुगणितम्' हे नियतकालिकही चालवले.

तिकडे कलकत्त्यात अमल कुमार रायचौधुरी जवळजवळ एकटेच होते. ज्या संस्थेत ते नोकरीला होते तिथे त्यांच्याकडून दुसऱ्याच विषयातील कामाची अपेक्षा होती. सापेक्षतेचा अभ्यास त्यांनी उरलेल्या वेळात केला. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे समीकरण पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांच्या सिद्धतांचा पाया ठरले. हे काम ज्याच्याशी बोलून पारखावे, असा माणूस रायचौधुरींना आसपास क्वचितच मिळत असे.

ही अडचण लक्षात घेऊन १९६९ मध्ये, वि. वा. नारळीकरांच्या साठीच्या निमित्ताने अहमदाबादला भरलेल्या चर्चासत्रात, सापेक्षतेच्या अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. वर्गणी आणि अधूनमधूनच्या बैठका एवढेच तिचे बळ होते. परंतु कोण कुठे काय करीत आहे हे एकमेकांस कळू लागले, आणि एकाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याकडे पाठवणे सोपे झाले. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'आयुका' उभी राहिली. तिचा हेतूच विद्यापीठांतील विखुरलेल्या अध्यापकांना ग्रंथालय, संगणक आणि सोबत मिळवून देण्याचा होता.

आता या गटांचे काम एकमेकांत कसे गुंतले ते पाहू. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, एक होतात, आणि नवे विवर क्षणभर घंटेसारखे निनादून शांत होते. शेवटचा निनाद कसा असेल हे बंगलोरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले. जवळ येतानाच्या लहरीचे बारीक गणित बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांनी फ्रान्समधील ब्लाँशे आणि दामूर यांच्याबरोबर केले. अमेरिकेतील विल आणि वाइजमन यांनी तेच गणित वेगळ्या रीतीने सोडवले. उत्तरे ताडून पाहिली, ती जुळली, आणि १९९५ मध्ये पाचही जणांनी निष्कर्ष एकत्र छापला. ज्यांना चढाओढ करता आली असती त्यांनी एकमेकांचे गणित तपासले.

लहर कशी दिसेल हे कळले तरी ती गोंगाटातून ओळखायची कशी? हिंगोलीच्या दसऱ्याच्या गर्दीत आपल्या माणसाची हाक बरोबर ऐकू येते, कारण तो आवाज आपल्या ओळखीचा असतो. तसेच अपेक्षित लहरींचे असंख्य नमुने आधी तयार ठेवून उपकरणाच्या नोंदीशी ते जुळवून पाहण्याची पद्धत आयुकातील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास विकसित केली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही लायगो उपकरणांनी पहिली लहर टिपली. लिव्हिंगस्टन येथे ती हॅनफर्डपेक्षा सुमारे सात सहस्रांश सेकंद आधी पोहोचली. ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक लांबीच्या १०⁻²¹ पट, म्हणजे सुमारे ४ × १०⁻¹⁸ मीटर होता. प्रोटॉनचा व्यास सुमारे १.७ × १०⁻¹⁵ मीटर धरून हे प्रमाण विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. शोधनिबंधावर एक हजाराहून अधिक नावे होती आणि त्यांत भारतीय संस्थांतील तीसहून अधिक होती.

आपल्या देशात उपकरण हवे म्हणून सर्व भारतीय गटांनी २००९ मध्ये 'इंडिगो' हा संघ केला होता. सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील प्रस्तावित उपकरणाला साथ देण्याचा त्यांचा विचार होता. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाला पैसा उभा करता आला नाही, तेव्हा तो प्रस्ताव भारताकडे आला. संघ तयार होता म्हणूनच ती संधी घेता आली. पण गणित जाणणारे पुरेसे नव्हते. लेसर, निर्वात नळ्या आणि बांधकाम जाणणारे हवे होते. म्हणून इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम खाते बरोबर आले. अशा वाढीत लहान गटांचा मोकळेपणा थोडा जातो हेही खरे. निर्णयांना वर्षे लागतात. मान्यतेपासून खर्चाच्या मंजुरीपर्यंत सात वर्षे गेली.

हे उपकरण दूर हिंगोलीत का? दोनच उपकरणे असली तर लहर पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून आकाशात फक्त एक कडे आखता येते. १७ ऑगस्ट २०१७ ला युरोपचे 'व्हर्गो' सोबत होते, म्हणून स्रोत थोड्याशा जागेत बांधता आला, आणि सुमारे सत्तर वेधशाळांनी तिकडे दुर्बिणी वळवल्या. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान असला की दिशा अधिक नेमकी कळेल. त्यासाठी जमीन शांत हवी. रेल्वे, कारखाने आणि समुद्राच्या लाटांपासून दूर असलेली ही जागा पाहणीत योग्य ठरली.

आपल्या तालुक्यात विज्ञानाचा एखादाच शिक्षक रायचौधुरींसारखा एकटा असतो. त्याला प्रयोगशाळेइतकीच गरज असते ती आपले म्हणणे तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाची. शेजारच्या दोन शाळांनी महिन्यातून एकदा आपली न सुटलेली उदाहरणे आणि फसलेले प्रयोग परस्परांकडे पाठवले, तरी सुरुवात होईल. बनारसमध्येही ती यापेक्षा फार मोठी नव्हती.