आज्जीचा भाऊ आणि बंद न होणारा स्विच

आमच्या आज्जीच्या गोष्टींत राक्षस कमी आणि पटकी जास्त. पन्हाळ्याच्या बाजूला तिचं माहेर. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचं. स्वातंत्र्याच्या आसपास अशाच एका साथीत तिचा लहान भाऊ गेला. "पाणी पाणी करत गेला बघ. आणि पाणी द्यायचं न्हाई म्हनून सगळ्यांनी सांगितल्यालं."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हा वीकेंड कॉलरावर घालवला.

रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू शोधला. जंतू विष सोडत असणार, असा त्याचा अंदाज होता. तो सिद्ध व्हायला ७५ वर्षं लागली! १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी जंतू वाढवलेल्या द्रवातून जंतू गाळून काढले आणि उरलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे काम जंतूचं नाही, त्याच्या विषाचं. एवढं करून डे १९८५ मध्ये वारले, पण देशातल्या कुठल्याही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो केलं नाही. असो.

आता खरी गंमत. (आमच्या धंद्यात याला हॅकिंग म्हणतात.) पेशीत बिघडलेली प्रोटीन्स बाहेर फेकणारी एक यंत्रणा असते. फेकलेल्या प्रोटीनवर 'नष्ट करा' अशी चिठ्ठी लागते आणि ते तोडलं जातं. हे विष आत शिरून स्वतःच बिघडलेल्या प्रोटीनचं सोंग घेतं आणि त्याच दारानं पेशीच्या मुख्य भागात येतं. चिठ्ठी लागते ती लायसिन नावाच्या जागेवर, आणि विषाच्या या तुकड्यात लायसिन अगदी मोजकी! त्यामुळे साहेब सुटतात. मग ते जी-प्रोटीन नावाच्या स्विचला गाठतात. हा एरवी आपोआप बंद होतो, पण विष त्याला एक रेणू चिकटवतं आणि स्विच 'ऑन'वरच अडकतो. इनफायनाइट लूप! पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते, मागोमाग सोडियम आणि पाणी. जोरदार कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत.

पण एक दार विषाला बंद करता येत नाही. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारं दार. ही जोडी रॉबर्ट क्रेननं १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं.

आज्जीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे पाणी दिलं असतं तर?"

नुसतं पाणी पुरलं नसतं, त्यात मीठ-साखर हवी होती, आणि ती का हवी हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. हेच तिला सांगितलं.

"घरात गूळ हुता की रं," ती म्हणाली.