कॉम्प्रेशन तपासणी, जुन्या मोटारसायकलींची

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा किती दाबली जाते, हे गेज लावून मोजण्याची पद्धत. रिंगा, बोअर, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांची अवस्था इंजिन न खोलता कळावी, हा तिचा हेतू. जुनी गाडी विकत घेताना आणि ‘कॉम्प्रेशन उतरलंय, इंजिन काम करावं लागेल’ असा निकाल गॅरेजमध्ये मिळाल्यावर ती विशेष उपयोगी पडते. पुढील विवेचन मुख्यतः कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट 350 ला धरून आहे.

या बुलेटचे बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90 मिमी आणि क्षमता 346 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 7.25:1 धरल्यास पिस्टन अगदी वर असताना उरलेली जागा सुमारे 55 सीसी भरते. मात्र रेशोवरून गेजचा आकडा सरळ काढता येत नाही. दाबली जाताना हवा तापते व दाब वाढतो; उलट इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि किकचा वेग कमी असतो, म्हणून तो घटतो. उंचीचाही परिणाम होतो. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्के कमी असतो, त्यामुळे मुंबईत 100 पीएसआय दाखवणारे निरोगी इंजिन तिथे 85 च्या आसपास दाखवील. एकट्या आकड्यावर म्हणूनच निदान करू नये. त्याच गाडीचे, त्याच गेजवरचे जुने आकडे टिपून ठेवलेले असतील तर ते कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचे.

तपासणीपूर्वी टॅपेट बरोबर असल्याची खात्री करावी. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगले इंजिनही नापास होते. बुलेटवर आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे डिकॉम्प्रेसर. किक मारणे सोपे जावे म्हणून सिलिंडरमधला दाब सोडून देणारी ही लहान झडप केबल ताणलेली राहिल्यास किंवा तिच्या बैठकीवर काजळी साचल्यास गळत राहते. हेड उतरवण्याआधी ती पाहणे शहाणपणाचे. बऱ्याचदा हे राहून जाते.

इंजिन गरम करून बंद करावे, पेट्रोलचा कॉक फिरवावा, प्लग काढून त्याच्या जागी गेज घट्ट बसवावा. काढलेला प्लग कॅपमध्ये अडकवून त्याची बॉडी इंजिनाला टेकवून ठेवावी, म्हणजे ठिणगीला अर्थिंग मिळेल. तो प्लगच्या भोकापासून दूर असावा. चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल मिटलेला ठेवला तर सिलिंडरला हवाच पुरत नाही, आणि फसव्या आकड्यांचे हे नेहमीचे कारण आहे. मग काटा चढायचा थांबेपर्यंत दणदणीत किक मारत राहावे. बुलेटची किक क्लचमधून इंजिनापर्यंत जाते; क्लच घसरत असेल तर किक पोकळ लागते आणि दोष नाहक रिंगांच्या माथी येतो.

काटा कसा चढतो, तेही पाहावे. पहिल्या किकला कमी आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेला, तर संशय रिंगांवर. सुरुवातीपासून कमी आणि तिथेच अडून राहिला, तर व्हॉल्व्हवर. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगा-बोअरची, नाहीतर व्हॉल्व्हची किंवा गॅस्केटची. इथे एक मेख आहे. ऑइल स्वतः जागा व्यापते. बुलेटमध्ये 5 मिली ऑइलने रेशो 7.25 वरून सुमारे 7.9 वर जातो, तेव्हा दहा टक्क्यांच्या आतल्या वाढीला फारसा अर्थ नाही. 9:1 रेशोच्या 100 सीसी इंजिनात वरची जागाच 12.5 सीसी असते. तेवढेच ऑइल तिथे रेशो 14 च्या वर नेते आणि झिजलेल्या इंजिनालाही ‘पास’ करून टाकते. लहान इंजिनाला काही थेंब पुरेत. गेजच्या नळीचा याच्या उलट त्रास होतो: नळीतली एकमार्गी झडप प्लगच्या टोकाशी नसून वर गेजजवळ असेल, तर नळीतली पोकळी सिलिंडरला जोडली जाते आणि आकडा कमी येतो.

आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर पिस्टनच्या माथ्यावर व हेडमध्ये कार्बन साचला असण्याची शक्यता असते.

गळतीची जागा नेमकी हवी असल्यास कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर आणून, तो फिरणार नाही असा अडवून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि कान देतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा. रिंगांजवळून थोडी हवा चांगल्या इंजिनातही निसटते.

जुनी येझदी, राजदूत 175 किंवा आरएक्स 100 यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना टॅपेट-व्हॉल्व्ह नसल्याने निदान सोपे वाटते, पण गेज फक्त पिस्टनच्या वरची बाजू सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते. क्रँकची ऑइल सील गेली असेल तर आकडा उत्तम येऊनही गाडी किकला दाद देत नाही, किंवा चालू झाल्यावर आयडलिंग धरत नाही. त्यासाठी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून आत अगदी हलक्या दाबाने हवा भरतात आणि ती टिकते का, हे पाहतात.