बाहुल्या, चिनी मातीच्या : नावांचा इतिहास

पोर्सलिनचे मस्तक असलेल्या जुन्या यूरोपीय बाहुल्या आज ज्या नावांनी ओळखल्या जातात, त्यांपैकी बरीच नावे कारखानदारांची नसून विसाव्या शतकातील संग्राहकांनी दिलेली आहेत. अशा बाहुल्यांचे उत्पादन सु. १८४० पासून मुख्यत्वे जर्मनीतील थुरिंजिया प्रदेशात वाढले.

झिलई दिलेले चकचकीत मस्तक ते ‘चायना’; झिलईविना कातडीच्या रंगाची छटा दिलेले ते ‘बिस्क’ आणि झिलई व छटा दोन्ही नसलेले शुभ्र मस्तक ते ‘पेरियन’, असे संग्राहक मानतात. द्रव्य तिन्हींत एकच. ‘बिस्क’ हा ‘बिस्किट’ या शब्दाचाच संक्षेप होय. झिलईपूर्वी भाजलेल्या मृत्पात्रास हीच संज्ञा आहे. ‘पेरियन’ हे नाव मात्र फसवे आहे. ग्रीसमधील पॅरोस बेटाच्या संगमरवरावरून आलेले हे नाव मुळात १८४०–५० या दशकात इंग्लंडमध्ये पुतळ्यांसाठी सिद्ध केलेल्या वेगळ्या मिश्रणाचे होते.

केशरचनेवरून पडलेली नावे याहून सैल आहेत. मागे अंबाडा असलेल्या मस्तकास स्वीडिश गायिका जेनी लिंड (१८२०–८७) हिचे नाव मिळाले. पण ते तिचेच चित्रण असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. हातपाय न हलणाऱ्या एकसंध बाहुल्या जर्मनीत ‘बाडेकिंडर’ म्हणजे स्नानबालके म्हणून विकल्या जात. अमेरिकन संग्राहकांनी त्यांना ‘फ्रोझन शार्लट’ म्हटले. शाल न पांघरता घसरगाडीतून नृत्यसमारंभास निघालेली व वाटेत गोठून मेलेली तरुणी, ही एका अमेरिकन पोवाड्यातील कथा त्या नावामागे आहे. मुलांच्या न्हाणीघरातील खेळण्याला असे शोककथेचे रूप आले. नाव मनोवेधक खरे, पण वस्तूचा मूळ उपयोग त्याने झाकला जातो.

याउलट ‘कॅरेक्टर’ बाहुली ही संज्ञा उत्पादकाचीच आहे : केमर व राइनहार्ट या जर्मन संस्थेने खऱ्या मुलांसारख्या चेहऱ्यांची ही मालिका १९०९ मध्ये बाजारात आणली. मानेमागील साच्याचा क्रमांक हाही भरवशाचा पुरावा होय. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर आयात मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. तथापि ते नसलेली प्रत्येक बाहुली त्यापूर्वीचीच, असे म्हणता येत नाही.

मराठीत लाकडी बाहुलीला ‘ठकी’ हे स्वतंत्र नाव होते. ‘चिनी माती’ या शब्दाची व्याप्ती मात्र फार मोठी आहे. केओलीन, कपबशी आणि लोणच्याची बरणी ही सर्व त्यात येतात. वास्तविक बरणी बहुधा पोर्सलिनची नसतेच. त्यामुळे संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘चिनी मातीची बाहुली’ एवढेच लिहिल्यास झिलई आहे की नाही, हेही कळत नाही. झिलई, छटा व खूण नोंदवून संग्राहकी नाव अवतरणचिन्हांत द्यावे, हे उचित.