पहिला रुमाल अख्खा आपला



क्रोशाची सुई पहिल्यांदा हातात धरली की पहिला प्रश्न हाच, कोणता रुमाल विणू? त्याचं उत्तर सांगते, पण आधी नदीच्या काठाने जरा जुन्या काळात जाऊन येऊ.

आपल्या सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तेच पाणी पुढे आंध्रात, समुद्राजवळच्या नरसापूरला पोहोचतं. तिथे 19व्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी गरीब बायांना लेस विणायला शिकवलं. त्याच सुमारास, 1845 नंतर, दूर आयर्लंडात बटाट्याचं पीक सडून मोठा दुष्काळ पडला होता. तिथल्या कितीतरी बायांनीही याच सुईवर घर चालवलं.

नरसापूरची लेस पुढे परदेशात जाऊ लागली. काम वाढलं, तसे व्यापारी आणि दलाल आले. दोरा त्यांचा, नमुना त्यांचा, भावही त्यांचाच. कामही वाटून दिलेलं. एकीने नुसती फुलं विणायची, दुसरीने ती जोडायची. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी या बायांवर पुस्तक लिहिलं. ते निघालं 1982 साली. आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तेच हे वर्ष. बाया घर सांभाळून तासन्‌तास विणायच्या, तरी त्याला म्हणायचे फावल्या वेळचा उद्योग. फावला वेळ म्हटलं, की कमी मजुरी द्यायला मोकळे!

म्हणून माझं सांगणं असं, की पहिला नमुना छोटा घ्या, पण मधल्या टाक्यापासून काठापर्यंत तो तुमच्याच हातचा असू द्या. अननसाच्या नक्षीचा मोठा रुमाल पुढच्यासाठी ठेवा. आता फक्त साखळी आणि खांब असलेला, सहा-सात फेऱ्यांचा गोल विणा. पाण्याच्या तांब्यावर झाकायला तो पुरतो. सुती दोरा जाडसर आणि फिक्या रंगाचा घ्या, काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत.

पहिल्या फेरीत 12 खांब, दुसरीत 24, तिसरीत 36. दर फेरीला 12 खांब वाढले, की रुमाल ताटासारखा सपाट बसतो. कमी वाढले तर वाटीसारखा वर उचलतो, जास्त झाले तर काठाला झालर पडते. चूक कुठे झाली हे रुमालच सांगतो. मोजा, उसवा, पुन्हा विणा.

आणि विणताना वहीत दोन गोष्टी लिहा, दोरा किती लागला आणि तास किती गेले. उद्या कोणी तुमच्या गटाकडे शंभर रुमालांची मागणी घेऊन आलं, तर ही वही उघडून भाव तुम्हीच सांगाल.

नरसापूरच्या लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बायांच्या बोटांत कसब तर पहिल्यापासून होतं. वही मात्र दुसऱ्याच्या हातात होती.