गर्भाशयमुखाचा कर्करोग : पेशीपासून संकेतापर्यंत

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निदानाचा इतिहास हा ‘काय पाहावे’ या प्रश्नाचा इतिहास आहे. १९४० च्या दशकात जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी पेशींचे बदललेले रूप पाहण्याची पद्धत रूढ केली. १९८३ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने अर्बुदात मानवी पॅपिलोमा विषाणूचा १६ वा प्रकार दाखवून दिला. २००८ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. परंतु बहुतेक स्त्रियांमध्ये हा संसर्ग आपोआप नाहीसा होतो. मग कर्करोग मोजक्याच जणींना का व्हावा? या प्रश्नाने संशोधनाचे लक्ष प्रतिकारयंत्रणेकडे वळविले. केमोकाइने ही पांढऱ्या पेशींना वाट दाखविणारी लहान प्रथिने होत. त्यांपैकी इंटरल्युकिन-८ अर्बुदात नव्या रक्तवाहिन्या निर्माण होण्यास हातभार लावते, तर सीएक्ससीएल-१४ चे जनुक विषाणू निष्प्रभ करतो. म्हणूनच पूर्वकर्करोगाची पुढील वाटचाल सांगू शकणारी चिन्हके म्हणून त्यांचा अभ्यास होतो.

तथापि चिन्हकाची खरी कसोटी प्रयोगशाळेबाहेर लागते. तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या विषाणूचाचणीच्या गटात या रोगाचे मृत्यू चाचणीविना असलेल्या गटाच्या सुमारे निम्मे होते. केमोकाइनांना या कसोटीस अद्याप उतरावयाचे आहे.