संधारण राखीव जमीन कार्यक्रम (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम)

अमेरिकेतील धूपप्रवण शेतजमीन ठरावीक काळ लागवडीबाहेर ठेवण्यासाठी शेतकऱ्याला वार्षिक भाडे देणारी संघराज्य शासनाची ऐच्छिक योजना. 1930 च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर तेथे मृदासंधारणाला शासकीय पाठबळ मिळाले (पहा : मृदाधूप) आणि 1956 मध्ये ‘सॉइल बँक’ ही पूर्वगामी योजना आली. प्रस्तुत कार्यक्रम 1985 च्या अन्नसुरक्षा अधिनियमाने सुरू झाला. धूप रोखणे आणि अतिरिक्त धान्योत्पादन आटोक्यात आणणे असे त्याचे दोन हेतू होते.

करार साधारणतः 10 ते 15 वर्षांचा असतो. शेतकरी जमिनीवर गवत किंवा झाडे लावतो. त्या खर्चाचा निम्म्यापर्यंत वाटा शासन उचलते. भाड्याचा दर काउंटीतील कोरडवाहू जमिनीचा सरासरी खंड व मातीची उत्पादकता यांवरून ठरतो. अंमलबजावणी कृषिखात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या काउंटी कार्यालयातून होते, तेथील समितीचे सदस्य स्थानिक शेतकरी निवडून देतात. तीव्र अवर्षणात राखीव जमिनीवर चराई वा गवतकापणीची मुभा मिळू शकते. करार मध्येच मोडल्यास घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते.

धूप घटणे, नदीनाल्यांतील गाळ कमी होणे आणि गवताळ प्रदेशातील पक्ष्यांना अधिवास मिळणे हे प्रमुख परिणाम होत (पहा : प्रेअरी). मात्र लाभ कराराच्या मुदतीपुरताच असतो : 2007 मध्ये राखीव क्षेत्र सुमारे 3.68 कोटी एकरांवर पोचले, पण नंतर धान्याचे भाव चढताच बरीच जमीन पुन्हा नांगराखाली गेली. लागवड थांबल्याने बियाणे, खते व मजुरी यांवरील स्थानिक उलाढाल घटते. म्हणून कोणत्याही काउंटीतील पीकजमिनीपैकी सर्वसाधारणपणे 25 टक्क्यांहून अधिक जमीन राखीव करता येत नाही.