भोपळ्याच्या आळ्यातले तण

खुरपणी, निंदणी, भांगलण, बेणणी. पिकात माजलेले तण काढण्याच्या एकाच कामाला मराठीने प्रदेशाप्रदेशांत अशी निरनिराळी नावे दिली आहेत. पीक आणि तण यांना वेगळे करणारी रेघ मात्र कशाच्या आधारे आखायची, हे या नावांतून कळत नाही. हा प्रश्न केवळ शेतीचा नाही. भाषेच्या आणि ग्रंथांच्या अभ्यासकांनाही तो रोज पडतो. म्हणून आम्ही येथे एक अगदी साधे उदाहरण घेत आहोत: मावळातील शिरगावसारख्या गावी परसात वाढणारा तांबड्या भोपळ्याचा वेल.

पवनेच्या खोऱ्यातले शिरगाव बाहेरच्यांना साईमंदिरामुळे ठाऊक असते. परंतु हा मुलूख मुळात भातखाचरांचा, आणि भोपळ्याचा वेल येथे परसात, बांधावर किंवा उकिरड्याच्या कडेला आळे करून लावायचा. पावसाच्या आरंभी टोकलेले बी आश्विन-कार्तिकापर्यंत आपले काम पुरे करते. देठ वाळला, सालीत नख रुतेनासे झाले, की भोपळे उतरवतात. मागे राहतो तो पसारा. पानांवर भुरी धरलेली असते, सडक्या फळांत फळमाशीच्या अळ्या असतात. रोगट वेल जाळायचा किंवा खोल गाडायचा, निरोगी वेल खताच्या खड्ड्यात टाकायचा. त्याच फेरीत हराळी, लव्हाळा, कुरडू आणि गाजरगवत निघते. यातल्या कुरडूची कोवळी पाने पावसाळ्यात भाजीसाठी खुडलेली असतात. तेच रोप तुरे काढू लागले की तण ठरते. म्हणजे ही रेघ महिन्यागणिक सरकते.

आता या आळ्यातल्या रहिवाशांचे मूळ पाहू. तांबडा भोपळा अमेरिकेतला. १४९२ पूर्वी तो भारतात असणे संभवत नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात तो इकडे रुजला असावा. बटाटा, पपई, अननस यांनी आपली नावेही बरोबर आणली. भोपळ्याने तसे केले नाही. तो जुन्या वेलाच्या नावात शिरला आणि त्याच्यामुळे त्या जुन्या रहिवाशालाच वेगळे ओळखण्यासाठी ‘दुधी’ हे विशेषण लावावे लागले. हा जुना भोपळा, म्हणजे अथर्ववेदातला अलाबू आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा तुंबा ज्या कुळातला ते फळ, तरी अस्सल येथला आहे काय? वनस्पतिशास्त्र त्याचे मूळ आफ्रिकेत दाखवते. फरक एवढाच, की तो फार आधी आला.

गाजरगवतही अमेरिकेतलेच, म्हणजे तांबड्या भोपळ्याचे खंडबंधू. भारतातील त्याच्या प्रादुर्भावाची पहिली ठळक नोंद पुण्याचीच असून ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘पी.एल. ४८०’ करारातल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते. पण भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यात गवत दिसले ते त्याआधी. १९५१ मध्ये अमेरिकेने गव्हासाठी भारताला कर्ज दिले होते. तेव्हा वाहन गहू असूही शकेल, करार मात्र नव्हे. इतिहासातही असे तण वाढते, आणि तेही उपटावे लागते. लोकांनी या गवताला ‘काँग्रेस गवत’ म्हटले, ‘चटकचांदणी’ही म्हटले, पण पिकात स्थान दिले नाही. कारण त्याचा परदेशी जन्म नव्हे. ते कातडीला खाज आणते, शेजारच्या रोपांना वाढू देत नाही आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. ते आवरण्यासाठी १९८४ मध्ये देशात सोडलेला भुंगाही मेक्सिकोतूनच आणलेला होता.

हाच न्याय ग्रंथांना लावून पाहावा. सावता माळी यांचा काळ परंपरेने १२९५ पर्यंतचा मानला जातो. त्यांच्या नावावरच्या भाजीच्या प्रसिद्ध अभंगात मिरची येते. आणि मिरची तर तांबड्या भोपळ्याचीच सहप्रवासी. मिरीची मिरची झाली असेल, असा तर्क करता येईल. पण अरणच्या मळ्यात मिरी पिकत नाही. तेव्हा अभंगाचे आजचे रूप तरी सोळाव्या शतकाआधीचे नसावे. मग मिरची उपटायची काय?

येथे एकनाथांचे उदाहरण उपयोगी पडते. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत, असे बजावले. तेथे बेणणी आवश्यकच होती, कारण बाहेरची ओवी मूळ विवेचनाची वाट अडवते. सावतोबांच्या अभंगात मिरची कोणाची वाट अडवत नाही. मळ्यात नवे पीक आले तसे ते गाणाऱ्यांच्या तोंडीही आले, आणि मळ्यातच विठ्ठल पाहण्याची दृष्टी त्यामुळे उणावली नाही. अभ्यासकाने तिच्या येण्याचा काळ टिपून ठेवावा, आणि तिला तिथेच राहू द्यावे.

भाषेत शुद्धीची मोहीम निघते तेव्हा बहुधा मूळ पाहिले जाते: शब्द फारसी की पोर्तुगीज, आपला की परका. खुरपे हाती धरणारा मात्र रोप कोठून आले हे विचारत नाही. ते शेजाऱ्याचे काय करते, एवढेच तो पाहतो. साहित्याच्या अभ्यासात मूळ शोधणे अपरिहार्य आहे, पण तो शोध म्हणजे निवाडा नव्हे. हे दोन्ही एक मानले, तर गाजरगवताबरोबर भोपळाही उपटला जाईल, आणि त्यापाठोपाठ दुधीही.